नेमबाजीसाठी जुनं रिव्हॉल्वर: घेताना आणि दुरुस्त करताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं आणि २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य घरी आणलं. प्रत्येक वेळी कोल्हापुरात नेमबाजीची चौकशी करणारे वाढतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात किंवा पाहुण्यांत एखादं जुनं रिव्हॉल्वर असतं, किंवा कुणीतरी विकायला काढलेलं असतं. रेंजवर, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत मला तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून काढली.

मला नेमबाजी शिकायची आहे. सुरुवातीलाच रिव्हॉल्वर घेऊ का?

नको. आधी क्लबात नाव घाला, १० मीटर एअर पिस्तूल हातात धरा आणि किमान एक वर्ष तेवढंच करा. उभं राहणं, श्वास, मूठ आणि चाप सरळ मागे ओढणं या चार गोष्टी एअर पिस्तूल जितक्या स्वच्छ शिकवतं तितक्या दुसरं काही शिकवत नाही, कारण त्यात आवाज आणि धक्का यांच्या आड चूक लपत नाही. शिवाय छरे स्वस्त असतात. रिव्हॉल्वरचं प्रत्येक काडतूस परवान्यावर मोजून मिळतं, आणि ज्याच्या गोळ्या मोजक्या त्याचा सराव मोजका.

रिव्हॉल्वर खरं उपयोगी पडतं ते २५ मीटरवर काही काळ घालवलेल्या आणि सेंटर फायर प्रकाराकडे वळू पाहणाऱ्या माणसाला.

स्पर्धेत रिव्हॉल्वर चालतं का? सगळे तर पिस्तूलच वापरतात.

चालतं. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या पुरुषांच्या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलीमीटर कॅलिबरचं (म्हणजे नळीच्या आतल्या मापाचं) पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर वापरायला नियमाने मुभा आहे. नळी १५३ मिलीमीटरपेक्षा लांब नको, वजन १४०० ग्रॅमच्या आत हवं आणि चापाचा भार किमान १००० ग्रॅम हवा. एकूण ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश, पाच मिनिटांत पाच अशा. पुढच्या ३० मध्ये लक्ष्य तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद फिरलेलं राहतं. त्या तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी मारायची असते.

हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते. पण जसपाल राणांनी १९९४ ला हिरोशिमात आणि २००६ ला दोह्यात आशियाई सुवर्ण मिळवलं ते यातच. दोह्यात त्यांनी ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली होती.

रिव्हॉल्वरची अडचण दुसऱ्या टप्प्यात येते. सेमी-ऑटो पिस्तूल पुढच्या गोळीसाठी आपोआप तयार होतं, रिव्हॉल्वरचा घोडा मात्र त्या सात सेकंदांत अंगठ्याने चढवावा लागतो आणि तेवढ्यात मूठ सरकते. सवयीने जमतं, पण ही सवय मुद्दाम लावावी लागते.

कुठल्या बोअरचं घ्यावं?

.३२ एस अँड डब्ल्यू लाँग. आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर सहज मिळणारं आणि सेंटर फायरच्या कॅलिबरमध्ये बसणारं ते हे. .३८ बोअर प्रतिबंधित वर्गात मोडतं. त्यामुळे "आजोबांचं .३८ आहे, घेता का?" असं कुणी विचारलं तर भाव विचारायच्याही आधी कागद बघायला मागा. .२२ चं रिव्हॉल्वर सरावाला गोड असतं, पण सेंटर फायरमध्ये ते चालत नाही.

इथे एक गोष्ट जिवावरची आहे. पिस्तुलाचं .३२ एसीपी काडतूस वेगळं आणि रिव्हॉल्वरचं .३२ लाँग वेगळं. दोन्हींना बोलताना "बत्तीस"च म्हणतात आणि एसीपीचं काडतूस काही रिव्हॉल्वरांच्या सिलिंडरमध्ये (काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्यात) जाऊन बसतंही. ते जास्त दाबाचं असतं, म्हणून मारू नका. डब्यावरचं नाव आणि नळीवरचं नाव जुळल्याशिवाय एकही गोळी भरायची नाही.

आयुध निर्माणीचं घ्यावं की जुनं विलायती?

कानपूरच्या कारखान्याचं .३२ आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं. जुन्या वेब्ली धाटणीचं, नळी खाली वाकवून उघडणारं, सहा गोळ्यांचं. नळी तीन इंचांच्या आसपास, वजन सुमारे ७०० ग्रॅम, मागची साईट पक्की बसवलेली. स्वसंरक्षणासाठी केलेलं ते हत्यार आहे, २५ मीटरवर दहाचं वर्तुळ शोधायला नाही. पहिल्या, सावकाश टप्प्याच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलीमीटरचं असतं. माशी (नळीवरची पुढची साईट) आणि मागची खाच यांत अंतर कमी असल्याने नजरेची केसभर चूक तिकडे चार बोटं होते.

सहा इंची नळीचं, साईट हलवता येणारं विलायती रिव्हॉल्वर मिळालं तर सोनं. पण १९८० च्या दशकात सर्वसामान्यांसाठी हत्यारांची आयात बंद झाली, तेव्हापासून देशात आहे तोच माल हातोहात फिरतो. त्यामुळे नावाचीच किंमत जास्त लागते. माझं मत विचाराल तर झिजलेल्या मोठ्या नावापेक्षा कमी वापरलेलं साधं नाव केव्हाही बरं.

परवाना आणि व्यवहार कसा होतो?

वय २१ पूर्ण हवं. कोल्हापूर जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्जाबरोबर पोलीस चौकशी, हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण आणि ते घरी कुलपात ठेवण्याची हमी हे सगळं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. घरात आधीच बारा बोअर आणि रायफल असेल तर तिसऱ्याला जागा नाही, हे आधी बघा. लोक इसार देऊन मोकळे होतात आणि मग कचेरीत हे कळतं.

परवानाधारकाकडून थेट घेत असाल तर विकणाऱ्याने तुमच्या नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं, असं शस्त्र कायद्याचं कलम ५ सांगतं. तोवर हत्यार त्याच्याकडेच राहतं. "घेऊन जा हो, कागद मागनं करू" असं कितीही जवळच्या माणसाने म्हटलं तरी हात लावू नका. परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानातून घेतलं तर ही वाट सोपी होते, थोडे पैसे जास्त जातात.

हत्यारावरचा क्रमांक आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा क्रमांक एकेक आकडा बोटाने दाखवत ताडून बघा. क्रमांक पुसट किंवा घासलेला असेल तर तिथूनच परत फिरा.

वडिलांचं किंवा आजोबांचं रिव्हॉल्वर आहे. ते माझ्या नावावर होईल का?

होऊ शकतं. परवानाधारक वारला, त्याचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, तर २०१६ च्या नियमांत वारसाला अर्ज करण्याची तरतूद आहे. माणूस गेल्यावर मात्र हत्यार कपाटात पडू देऊ नका. दिवसकार्यं उरकली की आधी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. कितीतरी घरांत हे दुःखात राहून जातं आणि दोन वर्षांनी विनापरवाना हत्यार बाळगल्याचा प्रश्न उभा राहतो.

बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी स्वतः उघडून सिलिंडरची सहाच्या सहा घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. समोरचा "रिकामं आहे" म्हणाला तरीही. मग बाहेरची चमक विसरून जा.

नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरा, त्यावर मोबाइलचा उजेड पाडा आणि पुढून आत बघा. आतल्या पीळदार चरांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. बारीक काळे खड्डे असतील तर गंज बसून गेलेला आहे. आत कुठे अंगठीसारखी काळपट गोल रेषा दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते, म्हणजे कधीतरी एक गोळी अडकली असताना मागून दुसरी मारली गेली. असं हत्यार फुकट मिळालं तरी नको.

नळीचं मागचं तोंड, जिथे गोळी सिलिंडरमधून उडी मारून आत शिरते, ते खडबडीत किंवा चिरलेलं नको. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट मोजायला फीलर गेज लागतो, मोटारसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तोच. ०.१५ मिलीमीटरच्या आसपास फट असेल तर उत्तम. ०.२५ च्या पुढे गेली की गोळीमागचा गॅस बाजूने निसटतो आणि शिशाचे कण उडतात. अगदीच नगण्य फट असली तर दहा-वीस गोळ्यांत काजळी भरून सिलिंडर अडकतो.

आता घोडा अंगठ्याने अगदी सावकाश चढवा, सहाही घरांवर. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर 'टक्' करून आपल्या जागी पक्का बसला पाहिजे. एखाद्या घरावर घोडा चढला पण सिलिंडर थोडा अलीकडेच राहिला, तर ते घर नळीच्या रेषेत नाही. त्या घरातली गोळी नळीच्या कडेला घासून आत जाते. पाच गोळ्या एका मुठीत आणि सहावी कायम बाहेर, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

घोडा चढलेला असताना मागून अंगठ्याने हलका दाब द्या. तो पडला तर घोडा अडकवून ठेवणारी आतली खोबण झिजलीय किंवा कुणीतरी कानस लावलीय. सिलिंडर धरून पुढे-मागे हलवून बघा. नळी वाकवून उघडणारं असेल तर एका हाताने नळी, दुसऱ्याने मूठ धरून बिजागरी हलते का तेही बघा. तिथे खडखड असेल तर प्रत्येक गोळीला नळी नव्या जागी बसते, मग नेम कितीही चांगला असो.

शेवटी मुठीचे स्क्रू काढायची परवानगी मागा. नाही म्हटलं तर का नाही, हे पुढच्या उत्तरात आहे.

पुराच्या पाण्यात गेलेलं रिव्हॉल्वर ओळखता येतं का?

मी ओळखलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली आणि निम्म्या पेठांत पाणी शिरलं, हे कुणाला सांगायला नको. पुढच्या वर्षी एका ओळखीच्या घरातून मी .३२ घेतलं. वरून आरशासारखं, नळी स्वच्छ. मूठ काढून बघायची मला भीड वाटली. घरी आणून स्क्रू सोडला आणि लाकडाची फळी उचलली, तर आत कडेकडेने वाळलेल्या गाळाची करडी रेघ होती, नखाने खरवडली तशी भुकटी पडली. तिच्याखाली मुख्य स्प्रिंगच्या बुडाशी तांबडा गंज, पापुद्रे सुटलेला. वरचा मुलामा नवा होता, आतलं पोलाद तसंच सोडलं होतं. स्प्रिंग आणि दोन पिना बदलाव्या लागल्या, आणि त्या मिळायला आठ महिने गेले.

तेव्हापासून मी मुठीखाली बघितल्याशिवाय उत्तर देत नाही. २०२१ च्या पुरातलीही अशी हत्यारं फिरत असणार. स्क्रूच्या खाचेत माती, घोड्याच्या खालच्या फटीत तपकिरी डाग, किंवा जुन्या हत्याराला एकदम नवा मुलामा: यातलं काहीही दिसलं तर मूठ उघडायलाच लावा. ज्याला लपवायचं नसतं तो स्वतःहून स्क्रू-ड्रायव्हर आणून देतो.

उद्यमनगरात लेथवाले काहीही करून देतात. त्यांच्याकडून दुरुस्त करून घेऊ?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. नमुना दाखवा, संध्याकाळी सुटा भाग तयार. पण बंदुकीची दुरुस्ती करायलासुद्धा शस्त्र कायद्याने परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा असतो, दुरुस्तीचा नसतो. विनापरवाना कारागिराच्या हाती हत्यार दिलंत तर तुम्ही अडकता आणि त्या बिचाऱ्यालाही अडकवता. परवानाधारक विक्रेता किंवा बंदूक दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीरच गाठायचा, हत्यार देताना क्रमांकासह पावती घ्यायची आणि काय करायचं ते कागदावर लिहून द्यायचं. "सगळं बघून घ्या" म्हणून सोडून येऊ नका.

मग घरी काय करता येतं?

साफसफाई आणि तेलपाणी. ते नीट केलं तरी निम्मी जुनी हत्यारं सुधारतात. वर्षानुवर्षं कुणीतरी भक्तिभावाने घातलेलं खोबरेल तेल आत चिकट पिवळ्या थरासारखं बसलेलं असतं, थंडीत तर गोठतं. घोडा जड चालतो, सिलिंडर आळसावतो आणि लोक म्हणतात स्प्रिंग गेली. बंदुकीसाठीचं सॉल्व्हंट लावून रात्रभर थांबा, सकाळी नळीतून पितळी ब्रश मागच्या बाजूने पुढे काढा, मग सुती चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत फिरवा. सिलिंडरची सहा घरंही तशीच. .३२ लाँगची गोळी शिशाची असते, नळीच्या सुरुवातीला शिशाचा चंदेरी थर साचतो, तो निघेपर्यंत दम धरा. मग शिलाई मशीनला घालतो तसल्या पातळ तेलाचा अगदी थेंब. शिसं अंगात जाऊ नये म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि हे सगळं जेवणाच्या टेबलावर करू नका.

चाप फार जड आहे. स्प्रिंग कापून हलका करता येईल का?

कापू नका. मुख्य स्प्रिंग कमजोर केली की घोड्याचा फटका हलका पडतो आणि काडतूस फुटत नाही. खोबणीला कानस लावली तर हत्यार नको तेव्हा सुटतं. हे काम परवानाधारक कारागिराचंच आहे. तसंही स्पर्धेला किमान १००० ग्रॅम भार लागतोच आणि घोडा चढवून मारताना चांगल्या अवस्थेतलं रिव्हॉल्वर फार जड नसतं. आधी आतला चिकटा काढा, मग मत बनवा.

मूठ हाताला बसत नाही.

इथे मात्र खर्च करा. कोल्हापुरात शिसवीवर सुंदर हात चालणारे सुतार आहेत. हत्यार त्यांच्याकडे न्यायचं नाही. काढलेल्या जुन्या फळ्या आणि पुठ्ठ्यावर गिरवलेली आकृती न्यायची. चापापर्यंत बोटाचं पहिलं पेर पोचेल एवढीच जाडी ठेवा आणि मागची बाजू अंगठ्याच्या बेचक्यात घट्ट बसू द्या. माझ्या स्वतःच्या गुणांत सगळ्यात मोठा फरक या दोन लाकडी फळ्यांनी पाडला.

नवा मुलामा देऊ का?

गंज वाढत असेल तरच, तोही परवानाधारकाकडून. बफिंग चाकावर धरलं की कडा गोल होतात आणि क्रमांक, छाप उडतात. ओळखीच्या खुणा पुसलेलं हत्यार हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. झिजलेला निळसर काळा रंग नेमाच्या आड येत नाही.

आपल्या पावसाळ्यात ते ठेवायचं कसं?

चामड्याच्या म्यानात कधीच ठेवू नका. आपल्याकडचं चामडं पुष्कळदा हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं असतं. ते ओल धरून ठेवतं आणि त्यातलं आम्ल पोलाद खातं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसा, लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. काडतुसं वेगळ्या कुलपात.

खंडेनवमीला पूजा केली तर गंज येतो म्हणतात, खरं का?

पूजेने नाही, ओल्या कुंकवाने येतो. हळद-कुंकवाचं पाणी स्क्रूच्या खाचेत उतरतं, झेंडूचा ओलावा रात्रभर राहतो आणि दिवाळीपर्यंत तिथे तांबडा ठिपका दिसतो. आमच्या घरी हत्यार रिकामं करून कोऱ्या पांढऱ्या कापडावर ठेवतात, कुंकू कापडाला लावतात, फुलं शेजारी वाहतात. सीमोल्लंघनाला निघायच्या आधी पुसून कुलपात. आणि हवेत गोळीबार कुठल्याच आनंदाला नाही: २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

निवडणुकीत जमा करावं लागलं तर?

आदेश आला की मुदतीत जमा करा. आधी साफ करून नेहमीपेक्षा जरा जाड तेल लावा, चारही बाजूंनी फोटो काढा, पावतीवर क्रमांक बरोबर लिहिलाय का ते तिथेच वाचा. परत मिळाल्यावर नळीतलं तेल कोरडं केल्याशिवाय गोळी मारू नका.

दुरुस्त झालं. पहिल्यांदा मारून कुठे बघू?

परवाना असलेल्या रेंजवरच. शेतात किंवा माळावर नाही. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर किंवा तुमचा क्लब जिथे सराव करतो तिथे आधी विचारून घ्या, प्रशिक्षक शेजारी असू द्या, डोळ्याला चष्मा आणि कानाला संरक्षण हवंच. पहिल्यांदा एकच काडतूस भरा. मारल्यावर पुंगळी काढून बघा: ती फुगलेली किंवा चिरलेली नको, तिच्या बुडाच्या टोपीवरचा घोड्याच्या फटक्याचा ठसा मधोमध हवा. ठसा एका बाजूला पडत असेल तर सिलिंडर रेषेत येत नाही, पुन्हा कारागिराकडे. काडतूस फुटलं नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा.

सगळं ठीक वाटलं की वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवा आणि प्रत्येक घराला १ ते ६ क्रमांक देऊन, प्रत्येक घरातून पाच-पाच गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर मारा. चपट्या तोंडाची वॉडकटर गोळी मिळाली तर तीच वापरा, ती कागदाला पंचासारखं गोल भोक पाडते आणि मोजायला सोपं जातं. सहा कागद शेजारी मांडले की तुमचं रिव्हॉल्वर स्वतःच सांगतं कुठलं घर चांगलं आणि कुठलं फितूर. कागदांवर तारीख घालून जपून ठेवा. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर हीच चाचणी पुन्हा करा आणि दोन्ही संच एकमेकांवर धरून उजेडात बघा.